कालवे पालन : खुंट, माळ की ट्रे? पद्धत निवडण्यापूर्वी पावसाळ्याचा हिशेब मांडा



पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या खाड्यांमध्ये कालवे नैसर्गिकरीत्या वाढतात. ओहोटीच्या वेळी हातोडी व टोपली घेऊन खडकावरची कालवे फोडणाऱ्या भगिनी कोकणात आजही दिसतात. मात्र खडकावरची कालवे वेचणे आणि कालवांची शेती करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेचणीत निसर्गाने जे दिले ते घ्यायचे असते. शेतीत बीज धरायचे, ते वाढवायचे आणि ठरलेल्या वेळी काढायचे असते.

गेल्या काही वर्षांत या व्यवसायाकडे लक्ष वळले आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात २०११ मध्ये केंद्र शासन, संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम व जागतिक पर्यावरण सुविधा यांच्या सहकार्याने किनारी जैवविविधतेचा प्रकल्प सुरू झाला. त्यात बचत गटांना कालवे व शिनाणे पालनाची ओळख झाली. पुढे २०१७ मध्ये राज्य शासनाने कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना आणली व त्यातही कालवे पालनाचा समावेश केला. त्यामुळे 'कोणती पद्धत चांगली?' हा प्रश्न अनेक जण विचारतात. या प्रश्नाला एकच उत्तर नाही. जी पद्धत आपल्या खाडीत पावसाळ्यापूर्वी पीक हाती देते किंवा पावसाळ्यात पीक वाचवते, ती आपल्यासाठी चांगली. हे कसे ठरवावे, ते या लेखात पाहू.

कालव कसे वाढते?

कालव पाण्यात बीजांडे व शुक्राणू सोडते. त्यातून तयार झालेली अळी दोन ते तीन आठवडे पाण्यात तरंगते व नंतर एखाद्या टणक, स्वच्छ पृष्ठभागाला कायमची चिकटते. चिकटलेल्या या पिल्लाला आपण बीज म्हणतो. एकदा चिकटल्यावर कालव जागा सोडत नाही. ते पाणी गाळून त्यातील सूक्ष्म वनस्पती खाते. म्हणून या शेतीत खाद्य विकत घ्यावे लागत नाही. परंतु जागा चुकली तर कालवाला पळून जाता येत नाही, हेही लक्षात ठेवावे.

आपल्याकडे प्रामुख्याने तीन जातींचा विचार करावा लागतो. उत्तर कोकणातील खाड्यांमध्ये क्रॅसोस्ट्रिया ग्रायफॉइडिस ही जात आढळते. पालघर जिल्ह्यातील केळव्याच्या खाडीत १९६० च्या दशकातच तिचा अभ्यास झाला होता. क्षारतेतील मोठे चढउतार ही जात बऱ्यापैकी सोसते. दुसरी जात क्रॅसोस्ट्रिया मद्रासेन्सिस. तमिळनाडू व केरळमधील पालन मुख्यतः हिच्यावर उभे आहे. तिसरी खडकावरचे लहान कालव, म्हणजे सॅकोस्ट्रिया कुकुलाटा. हे चवीला चांगले, पण आकाराने लहान असते. पालनासाठी पहिल्या दोन जाती योग्य आहेत.

जागा कशी पारखावी?

पद्धत ठरविण्यापूर्वी पुढील चार गोष्टी पाहाव्यात.

१) क्षारता : मद्रासेन्सिस जातीसाठी दर हजारी २२ ते ३५ भाग क्षारता व २१ ते ३१ अंश सेल्सिअस तापमान उत्तम मानले जाते. क्षारता रिफ्रॅक्टोमीटरने एका थेंबावर मोजता येते. गटात मिळून एक उपकरण घ्यावे व दर पंधरवड्याला उधाणाच्या व भांगाच्या दोन्ही दिवसांची नोंद ठेवावी.

२) तळ : पाय गुडघ्यापर्यंत रुतत असेल तर तळावर काहीही ठेवू नये, ते गाळात गाडले जाईल. वाळू-चिखलाचा घट्ट तळ असेल तर खांब नीट उभे राहतात.

३) भरती-ओहोटीतील फरक : मुंबई-पालघरकडे उधाणाला पाणी चार मीटर व त्याहूनही अधिक चढते-उतरते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात हा फरक साधारण दोन-अडीच मीटर आहे. केरळात तो जेमतेम मीटरभर असतो. म्हणून केरळातील मांडव जसाच्या तसा पालघरला उभारला तर माळा ओहोटीला बराच वेळ उघड्यावर लटकतील. कालव थोडा वेळ पाण्याबाहेर सहज राहते, पण त्या वेळात त्याला खाता येत नाही व वाढ मंदावते.

४) प्रवाह : मंद पण सतत वाहते पाणी हवे. साचलेल्या पाण्यात अन्न कमी पडते व गाळ बसतो. फार जोराच्या प्रवाहात माळा एकमेकींवर घासतात.

पालनाच्या पद्धती

*तळावरील पद्धत.* घट्ट तळावर रिकामे शिंपले पसरून त्यावर बीज धरू द्यायचे व तेथेच वाढवायचे. खर्च जवळजवळ नाही. परंतु कोकणातील बहुतेक खाड्यांत गाळ अधिक येतो, शिवाय खेकडे व मांसाहारी शंख तळावरूनच हल्ला करतात. त्यामुळे आपल्याकडे ही पद्धत फक्त खडकाळ किंवा दगड-गोट्यांच्या जागीच विचारात घ्यावी.

*खुंट पद्धत.* तळात लाकडी खुंट ठोकतात. त्याच्या माथ्यावर व दोन बाजूंना खिळ्यांनी बीज धरलेले शिंपले अडकवितात. माथ्यावरील बीजाला पहिले दोन महिने बारीक जाळीचे आवरण घालतात, म्हणजे खेकडे व मासे ते खात नाहीत. बीज २५ ते ३० मि.मी. झाले की जाळी काढतात. त्यानंतर सुमारे दहा महिन्यांत कालव विक्रीयोग्य होते. उथळ जागी, भरती-ओहोटीचा फरक मोठा असेल तेथे ही पद्धत सोयीची आहे. ओहोटीला चालत जाऊन काम करता येते, होडी लागत नाही. मात्र जागेच्या मानाने उत्पादन कमी येते.

*मांडव व माळ पद्धत.* एक ते अडीच मीटर पाण्यात बांबूचे किंवा सुरूचे खांब रोवून वर आडवे वासे बांधतात. हा झाला मांडव. नायलॉनच्या दोरीत पाच-सहा रिकामे शिंपले १५ ते २० सें.मी. अंतरावर ओवतात व अशा माळा मांडवाला टांगतात. या शिंपल्यांवरच बीज धरते व तेथेच वाढते. केरळातील अष्टमुडी सरोवरात १९९० च्या दशकात या पद्धतीने शेतकऱ्यांच्या हाती पालन गेले. साहित्य स्थानिक, काम सोपे आणि घरच्या माणसांना जमणारे असल्याने लहान शेतकऱ्याला ही पद्धत परवडते. माळेचे खालचे टोक ओहोटीलाही तळाला टेकणार नाही, याची काळजी घ्यावी. टेकले की गाळ बसतो व शंख-खेकड्यांना शिडी मिळते.

*मांडव व ट्रे पद्धत.* तमिळनाडूतील तुतिकोरिन येथे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात विकसित केलेली ही पद्धत. यात शिंपल्यापासून सुटे असलेले, सुमारे २५ मि.मी. आकाराचे बीज ४० × ४० × १० सें.मी. मापाच्या जाळीच्या ट्रेमध्ये १५० ते २०० या संख्येने ठेवतात. ५० मि.मी. झाल्यावर ते ९० × ६० × १५ सें.मी. मापाच्या मोठ्या ट्रेमध्ये हलवितात. महिन्याला सरासरी ७ मि.मी. वाढ मिळून बारा महिन्यांत कालव सुमारे ८५ मि.मी. होते. कालवे सुटी, एकसारखी व देखणी मिळतात, म्हणून जिवंत विक्रीस योग्य. पण ट्रेचा खर्च मोठा, सुटे बीज मिळविणे अवघड आणि ट्रे वरचेवर धुण्याचे काम अधिक.

*तराफा व लांब दोरी पद्धत.* पाणी खोल पण शांत असेल तेथे तरंगत्या तराफ्याला किंवा पिंपांवर तोललेल्या लांब दोरीला माळा टांगतात. जपानच्या हिरोशिमा उपसागरात बांबूच्या तराफ्यांवर मोठ्या प्रमाणावर कालवे वाढवितात. तराफा पाण्याबरोबर वर-खाली होतो, त्यामुळे माळा कायम पाण्यात राहतात. आपल्याकडे नांगर, पिंपे व होडी यांचा खर्च आणि जूनमधील लाटा यांचा विचार करता ही पद्धत एकट्या शेतकऱ्याने न करता गटाने, आडोशाच्या जागीच करावी.

एका गुंठ्यात किती?

केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे हेक्टरी उत्पादनाचे अंदाज असे : खुंट पद्धत २० टन, माळ पद्धत ८० टन, ट्रे पद्धत १२० टन. हे आकडे शिंपल्यासकट वजनाचे आहेत. त्यातील खाण्याजोगे मांस साधारण ७ ते १० टक्केच असते. शेतकऱ्याला समजेल असा गुंठ्याचा (सुमारे १०० चौ. मीटर) हिशेब मांडू. मांस ८ टक्के धरले आहे.

खुंट पद्धत : शिंपल्यासह २०० किलो, मांस १६ किलो.
माळ पद्धत : शिंपल्यासह ८०० किलो, मांस ६४ किलो.
ट्रे पद्धत : शिंपल्यासह १,२०० किलो, मांस ९६ किलो.

यावरून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, '८० टन' हा आकडा ऐकून कर्ज काढू नये. मांस विकणार असाल तर हिशेब मांसाच्या किलोवरच मांडावा. दुसरी, ट्रे पद्धतीत माळेपेक्षा दीडपट माल येतो, पण खर्च त्याहून अधिक वाढू शकतो. जिवंत, एकसारखी कालवे नगावर घेणारे हॉटेल किंवा व्यापारी आधी हाती असेल तरच ट्रेचा विचार करावा. घाऊक मांस विक्रीसाठी माळ पद्धत पुरेशी आहे.

खरा प्रश्न पावसाळ्याचा

वरील आकडे पुस्तकात एका ओळीत बसतात, पण खाडी पुस्तकाप्रमाणे चालत नाही. तुतिकोरिनला नैर्ऋत्य मोसमी पाऊस फारसा पडत नाही. कोकणात जून ते सप्टेंबर या काळात अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. खाडीच्या वरच्या भागात पाणी कित्येक आठवडे जवळजवळ गोडे होते. कालव शिंपले मिटून काही दिवस तग धरते, पण मिटलेल्या अवस्थेत त्याला ना खाता येते ना श्वास नीट घेता येतो. गोडे पाणी लांबले की ते मरते. शिवाय पुराबरोबर येणारी झाडे, ओंडके व गाळ मांडवच घेऊन जातात.

आता गणित पाहा. पाऊस संपून नोव्हेंबरात बीज धरले तर मेअखेर सुमारे सात महिने मिळतात. महिना ७ मि.मी. सरासरी धरल्यास कालव ५० मि.मी. च्या आसपास जाते. सुरुवातीच्या महिन्यांत वाढ थोडी जलद असते, त्यामुळे काही कालवे याहून मोठी होतात. परंतु ८५ मि.मी. चे कालव हे बारा महिन्यांचे पीक आहे. ते हवे असेल तर पीक पावसाळ्यातून न्यावे लागेल. म्हणून दोनच मार्ग उरतात.

पहिला मार्ग, पावसाळ्यापूर्वी काढणी. माळेवरील मध्यम आकाराची कालवे मे महिन्यात काढून मांस विकावे. केरळातील शेतकरीही पावसाळ्याआधीच काढणी करतात. या सुमारास कालव भरलेले असते. एकदा त्याने बीजांडे सोडली की मांस पातळ व पाणचट होते.

दुसरा मार्ग, पीक वाचवून पुढे नेणे. माळा व ट्रे उचलून खाडीच्या मुखाकडे, भरतीचे खारे पाणी रोज पोचते अशा आडोशाच्या जागी हलविता येतात. खुंटावरची व तळावरची कालवे हलविता येत नाहीत. म्हणून खाडीच्या वरच्या भागात खुंट पद्धत करू नये. तिला बारा महिने लागतात आणि मधला पावसाळा टळत नाही.

आपली जागा पावसाळा सोसते की नाही, हे खाडीच सांगते. खडकावर, धक्क्याच्या खांबावर, पुलाच्या पायावर पाहा. दोन-तीन वर्षांची जाड, मोठी, जिवंत कालवे असतील तर तेथील कालवे पावसाळ्यातून वाचतात असे समजावे. फक्त लहान कालवे व मेलेल्या कालवांचे पांढरे शिंपले दिसत असतील तर दरवर्षी पाऊस त्यांना मारतो. वेचणी करणाऱ्या जुन्या बायकांना विचारावे. कोणत्या खडकावर श्रावणानंतरही जिवंत कालवे मिळतात, हे त्यांना पक्के ठाऊक असते.

बीज कसे धरावे?

बीज धरण्याचा काळ प्रत्येक खाडीत थोडा वेगळा असतो. तो चुकला तर वर्ष वाया जाते. माळा फार आधी टाकल्या तर शिंपल्यांवर गाळ, शेवाळ व बार्नॅकल नावाचे पांढरे, टोकदार जीव बसतात आणि बीजाला जागा उरत नाही. म्हणून पाऊस ओसरून पाणी खारे होऊ लागले की ऑक्टोबरपासून दर पंधरा दिवसांनी चार-पाच शिंपल्यांची एक परीक्षा-माळ टाकावी व आधीची काढून भिंगाने पाहावी. शिंपल्यावर मोहरीएवढे चपटे ठिपके घट्ट चिकटलेले दिसले की बीज धरू लागले. त्याच आठवड्यात सर्व माळा पाण्यात सोडाव्यात. चुन्याचा लेप दिलेल्या कौलांवरही बीज चांगले धरते. लेपामुळे ते न मोडता खरवडून सुटे करता येते व ट्रेसाठी वापरता येते.

शिंपले वापरण्यापूर्वी घासून, धुऊन, उन्हात वाळवावेत. वाढीच्या काळात महिन्यातून एकदा माळा हलवून गाळ झाडावा, खेकडे व शंख वेचून काढावेत. उधाणाच्या ओहोटीला माळा काही तास उघड्या राहिल्या तर इतर चिकटणारे जीव मरतात व कालव टिकते. याचा फायदा घ्यावा.

आरोग्याची काळजी

कालव पाणी गाळते, तसे पाण्यातील जंतूही त्याच्या पोटात साठतात. गावाचे गटार, शौचालयाचे पाणी किंवा कारखान्याचे सांडपाणी जेथे येते तेथे पालन करूच नये. काढलेली कालवे स्वच्छ, गाळलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत २४ तास ठेवावीत. बारा तासांनी पाणी सोडून देऊन, फवाऱ्याने विष्ठा धुऊन, टाकी पुन्हा भरावी. या शुद्धीकरणाने जंतू पुष्कळ कमी होतात. परंतु शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू याने जात नाहीत. ठाण्याच्या खाडीसारख्या प्रदूषित पाण्यात म्हणूनच कोणतीही पद्धत योग्य नाही. मांस काढण्यासाठी कालवे पाच ते आठ मिनिटे वाफेवर धरावीत. शिंपले आपोआप उघडतात. वाफेपूर्वीच उघडे असलेले व टिचकी मारूनही न मिटणारे कालव मेलेले समजून टाकून द्यावे. जिवंत कालवे ओल्या गोणपाटात, सावलीत ठेवून लवकरात लवकर पाठवावीत.

परवानगी व शेजार

खाडी ही कोणाची खाजगी मालमत्ता नाही. मांडव घालण्यापूर्वी मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात व कांदळवन कक्षाकडे चौकशी करून लेखी परवानगी घ्यावी. होड्यांचा मार्ग, जाळी लावण्याच्या जागा व भगिनींचे वेचणीचे खडक सोडून जागा निवडावी. त्यासाठी आधी गावात बैठक घ्यावी. कांदळवन तोडण्यास मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये मनाई केली व २०१८ मध्ये ती कायम केली. मांडवाच्या खांबांसाठी तिवराला हात लावू नये. तिवरांमुळेच खाडीत कालवाचे अन्न तयार होते.

पहिल्या वर्षाचा कार्यक्रम

पहिल्या वर्षी एकच मांडव घ्यावा, ५ × ५ मीटरचा. त्यावर १०० माळा टांगाव्यात. हेक्टरी ८० टनांच्या अंदाजाने त्यात शिंपल्यासह २०० किलो, म्हणजे १६ किलो मांस यावे. निम्मे आले तरी निराश होऊ नये, शिकण्याचे हे वर्ष आहे.

सप्टेंबर : शिंपले जमविणे, माळा ओवणे, बांबू व सुरूचे खांब आणणे.
ऑक्टोबर : मांडव उभारणे, परीक्षा-माळा सुरू करणे, क्षारतेची नोंद.
नोव्हेंबर-डिसेंबर : बीज दिसताच सर्व माळा सोडणे.
जानेवारी ते एप्रिल : महिन्याला सफाई, दहा कालवांची लांबी मोजून वहीत नोंद.
मे : ८० माळांची काढणी. उरलेल्या २० पैकी १० माळा जागेवरच ठेवणे व १० माळा खाडीच्या मुखाकडे हलविणे.
ऑक्टोबर : दोन्हीकडील जिवंत कालवे मोजणे.

या वीस माळांचा हिशेब सर्वांत मोलाचा आहे. जागेवरच्या माळा वाचल्या तर आपल्या खाडीत बारा महिन्यांचे पीक शक्य आहे. मग खुंट किंवा ट्रे पद्धतीचा विचार करता येईल. फक्त मुखाकडच्या वाचल्या तर हलविता येणाऱ्या माळा व ट्रेच घ्याव्यात. दोन्हीकडच्या मेल्या तर माळ पद्धतीने सात महिन्यांचे पीक घ्यावे आणि मे महिन्यात मांडव रिकामा करावा. भातशेतीत आपण हळवे व गरवे वाण जमीन पाहून निवडतो. कालवांच्या बाबतीतही तेच करावे.

अधिक माहितीसाठी डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे शिरगाव, रत्नागिरी येथील मत्स्य महाविद्यालय किंवा आपल्या जिल्ह्यातील मत्स्यव्यवसाय कार्यालयाशी संपर्क साधावा. जाताना क्षारतेची वही बरोबर न्यावी, म्हणजे तज्ज्ञांना आपल्या खाडीबद्दल नेमका सल्ला देता येईल.